चूलबंद आवतण

बबनआप्पांच्या तेराव्याला जेवण कमी पडलं. भात संपला, आमटीत दोनदा पाणी घातलं, आणि शेवटच्या पंगतीला नाक्यावरच्या बेकरीतून पाव आणून वाढले. पत्रावळीपुढे बसलेला जो तो एकच बोलत होता, "आप्पा असते तर आसं झालं नसतं." माझ्याशेजारी बसलेल्या माजी सरपंचांनी तर टोपीने डोळे पुसले. मला रडू येत नव्हतं. मला शिसारी आली होती, आणि ती त्या पाण्यासारख्या आमटीची नव्हती.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मलाही कळतं. म्हणून मी चार दिवस गप्प राहून पाहिलं. जमेना, म्हणून लिहायला बसलो. आणि एवढा राग असूनही मी 'आप्पा आले', 'आप्पा म्हणाले' असंच लिहिणार. वडीलधाऱ्याला अरेतुरे करायची माझ्या जिभेला सवय नाही.

आमचं गाव शिरूरजवळचं. निम्मी माणसं रांजणगावच्या कंपन्यांत शिफ्टला जातात, उरलेली कांदा आणि झेंडू करतात. आप्पा या दोन्हींत नव्हते. त्यांची शेती धाकटा भाऊ बघायचा. आप्पांचं काम एकच, गावजेवण. लग्न असो, वास्तुशांत असो की तेरावा, शे-दोनशेच्या वर माणूस जेवायला घालायचं ठरलं की घरमालक आधी आप्पांच्या ओट्यावर जाऊन बसायचा. किती माणूस येणार, किती तांदूळ भिजवायचा, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, हे सगळं आप्पा सांगायचे. बदल्यात टॉवेल, टोपी आणि नारळ. त्याहून जास्त त्यांनी कधी कुणाकडून घेतलं नाही. हे खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही.

दिसायला ठेंगणे, पोट सुटलेलं, खांद्यावर कायम टॉवेल. शर्टाच्या खिशात काडेपेटी असायची ती विडीसाठी नव्हे, दातांसाठी. काडीने दात कोरत बोलायचे, मधेच जे निघेल ते बघायचे आणि परत तोंडात घालायचे. स्वयंपाकाच्या जागी तर त्यांच्याकडे बघवत नसे. आमटी उकळायला लागली की पळीभर तळहातावर घ्यायचे, भुर्रकन ओढायचे, हात चाटायचे आणि तोच हात डोक्यावरून फिरवायचे. "मीठ लागतंय बग अजून," असं म्हणून तीच पळी परत पातेल्यात. माझी बायको मंगल भांडगावची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती पंगतीतून उठून घरी गेली आणि ठेचा-भाकरी खाऊन झोपली.

पण आप्पांचा अंदाज कधी चुकला नाही. त्यांची पद्धत अशी, की मांडीवर ताटली घ्यायची, एका वाटीत ज्वारी, दुसऱ्या वाटीत फुटाणे. डोळे मिटून मारुतीच्या देवळापासून निघायचे आणि मनातल्या मनात गाव फिरायचे. प्रत्येक घरापाशी थांबून ताटलीत एकेक दाणा टाकायचा. आमच्याकडे आवतण दोन तऱ्हेचं. 'घरटी एक' म्हणजे घरातल्या एका माणसाने यायचं. त्याला ज्वारीचा दाणा. 'चूलबंद' म्हणजे त्या वेळी घरात चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळं घर जेवायला आणायचं. त्याला फुटाणा. फेरी पुरी झाली की दाणे मोजायचे आणि फुटाणे तिथेच बसून खाऊन टाकायचे.

आणि आवतण एवढ्यावर संपत नाही. सकाळी आवतण द्यायचं, आणि जेवण तयार झालं की परत दारात जाऊन सांगायचं, "चला, पान वाढलंय." याला बोलावणं म्हणतात. आवतण असलं तरी बोलावण्याशिवाय अब्रूदार माणूस घरातून निघत नाही. आप्पा या बाबतीत फार कडक. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात बोलावणं करायला कुणी आलं नाही, म्हणून आप्पा मांडवाबाहेर बसून राहिले आणि न जेवताच घरी आले. हे ते स्वतः अभिमानाने सांगायचे. "कुणी समोर यिऊन 'उठा' म्हणल्याबिगर मी हात धूत न्हाई," म्हणायचे.

स्मरणशक्ती तर अशी, की बांधावरून कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचा कुठला उपास, कुणाच्या म्हातारीला दात नाहीत म्हणून भात सैल हवा, सगळं तोंडपाठ. मंगलच्या भावाच्या लग्नाला भांडगावात मीच त्यांना घेऊन गेलो होतो. तिथे अचानक सोलापूरकडून दोन ट्रक भरून माणूस उतरला. सासरे पांढरेफटक पडले. आप्पांनी भजनी मंडळाला उठवलं, "अजून चार अभंग होऊ द्या," म्हणाले, आणि तेवढ्या वेळात आमटीत बेसन कालवून, भातात मटकी ढकलून जेवण दीडपट केलं. कुणालाही पत्ता लागला नाही. सासरे त्यांच्या पाया पडले.

त्याच लग्नात मी दुसरी एक गोष्ट पाहिली. पहिली पंगत उठत होती. आप्पा पत्रावळ्यांमधून वाकून वाकून चालले होते आणि पानात राहिलेल्या जिलब्या उचलून परातीत टाकत होते. त्याच परातीतून दुसरी पंगत वाढायची होती.

"आप्पा, उष्ट्या आहेत त्या," मी म्हणालो.

"आख्खी हाय न्हवं? मग उष्टी कशी?" त्यांनी एक जिलबी माझ्या नाकासमोर धरली. आमटीला टेकली होती, एका बाजूने लाल झाली होती. ती बाजू त्यांनी चाटून साफ केली आणि परातीत टाकली. "आपलीच तर मान्सं हायती. आपल्या मान्साचं कसलं उष्टं?"

मी तेव्हा हसलो. घरी येऊन मंगलला सांगितलं तेव्हाही हसलो होतो. आज त्या हसण्याचीही मला किळस येते.

आता माझ्या वास्तुशांतीचं सांगतो, कारण त्याच्यासाठीच हे सगळं लिहितो आहे.

सुधाकर आणि मी एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला, बसमध्ये एकाच बाकावर. तो मेंटेनन्सला. गावाच्या खालच्या अंगाला बुद्धविहार आहे, त्या आळीत त्याचं घर. बायको, दोन मुली आणि आई, जिला सगळे गऊआक्का म्हणतात. मी घर बांधायला काढलं तेव्हा सुधाकर म्हणाला, "वायरिंग दुसऱ्या कुणाला दिऊ नगं." त्याने स्वतःच्या सगळ्या सुट्ट्या माझ्या घरात घातल्या. भिंतीत पाइप टाकण्यापासून देवघरातल्या छोट्या दिव्यापर्यंत एकेक बटण त्याच्या हातचं. मंगल जेवायला थांब म्हणायची तर म्हणायचा, "वैनी, घरभरणीला सगळे मिळून जेवू. आईला पन आणतो."

जेवणाचं ठरवायला आप्पांना ओट्यावर बसवलं. ताटली, ज्वारी, फुटाणे. डोळे मिटून आप्पा गाव फिरत होते आणि दाणे टपटप पडत होते. विहाराच्या आळीपाशी आले तेव्हा हात ज्वारीच्या वाटीकडे गेला. प्रत्येक घराला एक दाणा.

"आप्पा, सुधाकरला चूलबंद," मी म्हणालो.

आप्पांनी डोळे उघडले. "तुजा मित्र हाय. त्यो येईलच की. घरटी एक बास झालं."

मी पुढे होऊन फुटाण्यांच्या वाटीतला एक फुटाणा उचलला आणि ताटलीत ठेवला. आप्पा त्या फुटाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घरमालक तू हायस. तुजा शबूद." नंतर मोजदाद केली आणि नेहमीसारखे फुटाणे खाऊन टाकले.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी सुधाकर मांडवात फोकस लावायला आला तेव्हा खुशीत होता. शिडीवरूनच म्हणाला, "आप्पा यिऊन गेले बरं का. चूलबंद म्हणाले. आई लई हरकली. म्हणली, माज्या उभ्या जन्मात या गावात मला कुणी चूलबंद सांगितलं न्हाई. पुरणिमेला विहारात नेसायचं पांढरं पातळ काढून ठिवलंय तिनं."

"मग दुपारपासूनच ये सगळ्यांना घेऊन. बोलावण्याची कशाला वाट बघतोस?"

"मी येईन रं. पन आई ऐकंल व्हय? बोलावणं आल्याबिगर उंबरा न्हाई वलांडायची म्हणती." फोकस लावून, दोनदा पेटवून बघून तो घरी गेला.

दिवस मावळायला पहिली पंगत बसली. जेवण असं उतरलं होतं की काय सांगू. वांग्याचा रस्सा, मसालेभात, पुरी, जिलबी, मठ्ठा. मी नवा फेटा बांधून दारात उभा. येईल त्याला नमस्कार करायचा, घर दाखवायचं, फोटोला उभं राहायचं. लोक म्हणायचे, लाइटचं काम झकास झालंय, आणि मी म्हणायचो, आपल्या सुधाकरनं केलंय. दुसऱ्या पंगतीला मला तो दिसला नाही. तिसऱ्या पंगतीला आप्पा जवळून गेले, तेव्हा विचारलं, "आप्पा, विहाराकडं बोलावणं गेलं का?"

"गेलंय, गेलंय," आप्पा म्हणाले आणि परात घेऊन पुढे गेले.

मी मानलं. मोबाइल मंगलच्या पर्समध्ये होता. दहा पावलांवर मंगल होती. विहाराची आळी माझ्या नव्या गच्चीवरून दिसते. मी फोन केला नाही, गेलोही नाही. पहिल्या पंगतीला जेवून गेले असतील, अशी मी माझी समजूत घातली, कारण तेवढ्यात कंपनीतले साहेब आले आणि मला त्यांना घर दाखवायचं होतं.

सकाळी उठून मी सुधाकरकडे गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. झोप नीट लागली नव्हती एवढं खरं. गऊआक्का दारात बसल्या होत्या. अंगावर तेच पांढरं पातळ, घडीच्या रेघा तशाच. उंबऱ्याच्या बाहेर एक झाकलेली स्टीलची बादली होती. बादली माझी होती. मंगलचं नाव कोरलेलं मला लांबूनच दिसलं.

"आक्का, काल आला नाही?" माझ्या तोंडून निघालं. निघालं आणि लाज वाटली.

"बोलावणंच न्हाई आलं, बाबा." आवाज चढलेला नव्हता. "आमी बसलो व्हतो की समदी, नटूनथटून. चूलबंद म्हणल्यावर गॅस बी न्हाई पेटवला. पोरी इचारायच्या, आजे कवा जायाचं. म्हणलं, येतील आता. मग चा-बिस्कुट खाल्लं त्यांनी."

"मग सुधाकरनं फोन का नाही केला?"

"फोन करून म्हणायचं, आमाला जेवाया बोलवा? लई अब्रूचं काम झालं असतं ते." त्यांनी बादलीकडे बोट केलं. "ही सकाळी तुज्या आचाऱ्याच्या टेंपोवाल्यानं आणून ठिवली. आप्पानं धाडलीय म्हणला, उरलंय म्हणून. तुजं भांडं हाय. घिऊन जा."

मी बादली उचलली. रस्त्यात झाकण सरकलं म्हणून नीट बसवायला थांबलो. आत भातावर जिलब्या ठेवल्या होत्या. अख्ख्या होत्या. दोन-तीन एका बाजूने लाल झाल्या होत्या. मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि मला ओकारी आली.

म्हणजे माझ्या पंगतीतल्या अडीचशे माणसांच्या पानातलं उष्टं आप्पांना चालत होतं. चाटून परातीत टाकता येत होतं. आणि एक म्हातारी, एक बाई आणि दोन मुली स्वच्छ कपडे घालून पंगतीत आपल्या आपल्या पत्रावळीवर बसल्या असत्या, ते चालत नव्हतं. या माणसाच्या हातचं मी वीस वर्षं जेवत आलो होतो.

बादली हातात घेऊनच मी आप्पांकडे गेलो. ते ओट्यावर दात कोरत बसले होते. मी दिलेली नवी टोपी डोक्यावर होती.

"आप्पा, विहाराकडं बोलावणं गेलंय म्हणालात."

"इसरलो रं. एवढी गडबड." काडी दुसऱ्या दाताकडे गेली.

"तुम्ही?"

त्यांनी काडी दातातून काढून निरखली. मग काडी खिशात ठेवली आणि आवाज उतरवून, समजावणीच्या सुरात म्हणाले, "संपत, तुज्या जेवणातनं काल एक तरी मानूस उठून गेला का? न्हाई न्हवं? ती म्हातारी पंगतीला बसली असती तर वरच्या आळीची निम्मी पानं उठली असती. तुज्या नव्या घराच्या दारात. म्यां तुजं जेवान पार पाडलं. आवतण दिलं, तुजा शबूद राखला. अन्न बी पोचतं केलं. आजून काय करू?"

वाचणाऱ्याला वाटेल, इथे मी काहीतरी बोललो असेन. बादली त्यांच्या पायावर ओतली असेल, निदान टोपी काढून घेतली असेल. मी म्हणालो, "बरं आप्पा, येतो." ती बादली मी आमच्या उकिरड्यावर रिकामी केली आणि मंगलला घासायला दिली.

दुसऱ्या आठवड्यात सुधाकरने जनरल शिफ्ट मागून घेतली. कंपनीच्या गेटवर भेटला तर म्हणाला, "बरंय का?" मी बोलायला सुरुवात केली, "सुधा, ते जेवणाचं..." त्याने मला पुरं बोलू दिलं नाही. म्हणाला, "देवघरातल्या बटनाची वायर जरा घट्ट हाय. काय झालं तर सांग." नंतर तो माझ्या घरी आला नाही. मंगल स्वतः त्याच्या घरी जाऊन आली, हात धरून रडली. त्या दिवशी त्यांनी तिला जेवू घालून पाठवलं. आप्पांनी मात्र पुढची चार-पाच वर्षं आणखी कितीतरी जेवणं पार पाडली, आणि मी त्यातल्या बऱ्याच पंगतींना बसलो. न बसून सांगणार कुणाला?

मग कार्यालयं आली, केटरर आले, बुफे आला. आवतणं मोबाइलवर यायला लागली. आप्पांच्या ओट्यावर कुणी जाईनासं झालं.

मागच्या वर्षी माझ्या भाचीचं लग्न दौंडला एका कार्यालयात होतं. आप्पा आले होते. गावाकडून जीप निघाली, त्यात कुणीतरी बसवून आणलं असेल. गुडघे गेले होते, हातात काठी. भिंतीकडच्या पंख्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसले होते, टोपी सरळ, खांद्यावर टॉवेल. बुफेला झुंबड होती. माईकवरून 'जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये' अशी विनंती सारखी चालू होती. आप्पांच्या लेखी ते बोलावणं नव्हतं. त्यांना कुणीतरी समोर येऊन उठा म्हणायला हवं होतं. समोरून पोरं ताटं घेऊन जात होती, त्यांना हे आप्पा कोण तेही माहीत नव्हतं.

मी नवरीचा मामा. वडीलधाऱ्यांना पानावर नेऊन बसवायचं काम माझं. मी हातात ताट घेऊन उभा होतो आणि आप्पांनी मला पाहिलं. काठी थोडी पुढे घेतली, उठायच्या बेतात. मी नमस्कार केला आणि आचाऱ्याकडे वळलो. बऱ्याच वेळाने परत पाहिलं तर ते तिथेच होते, काठी तशीच पुढे. त्यांच्या ओठांच्या कडा सुकल्या होत्या. मला वाटलं होतं बरं वाटेल. तोंडातली जिलबी गिळवेना, तर मी ती कागदी रुमालात थुंकली.

तेवढ्यात बहीण धावत आली. "दादा, आप्पा आलेत. जेवले का रे ते?"

"जेवलेत, जेवलेत," मी म्हणालो.

ती गेली. हॉल रिकामा व्हायला लागला तेव्हा आप्पा उठले. हात धुवायच्या नळापाशी क्षणभर थांबले, इकडेतिकडे पाहिलं, टॉवेलने कोरडेच हात पुसले आणि काठी टेकत जीपकडे गेले. त्यानंतर मला ते दिसले नाहीत. घरी आल्यावर मंगलने विचारलं, आप्पांना जेवायला का नाही बसवलं? एवढ्या गडबडीत विसरलो, असं मी तिला सांगितलं. मी विसरलो नव्हतो.